मधल्या जागेचं मोल

उन्हाळा तोंडावर आला की घराघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पंखा फिरतो, पण वाराच लागत नाही. कधी तर तो नुसता गुरगुरत बसतो आणि काठीनं ढकलला की मगच सुरू होतो. मग वायरमन येतो, स्टुलावर चढतो, पंख्याची वरची वाटी खाली सरकवतो आणि काडेपेटीएवढी एक डबी बदलून देतो. कंडेन्सर गेला होता, एवढं सांगून पैसे घेऊन निघून जातो. आपणही जास्त काही विचारत नाही.

त्या डबीवर बारीक अक्षरात तिचं माप छापलेलं असतं, बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरड. दूध लिटरमध्ये मोजतात, साखर किलोत मोजतात, तशी कंडेन्सरची साठवण्याची ताकद फॅरडमध्ये मोजतात. या 'फॅरड'मध्ये एका माणसाचं नाव आहे, मायकेल फॅरेडे. इंग्लंडमधल्या एका लोहाराचा हा मुलगा. शाळा म्हणावी तर जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती आणि हिशेबापुरती. तरीही आज तुमच्या-माझ्या घरातलं विजेचं एकही उपकरण त्याचं ऋण घेतल्याशिवाय चालत नाही.

घरातली ओढाताण

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला असलेल्या न्यूइंग्टन या भागातला. वडील जेम्स लोहारकाम करायचे. आई मार्गारेट लग्नाआधी लोकांकडे कामाला होती. चार भावंडांत मायकेलचा नंबर तिसरा. वडिलांची तब्येत कायम नाजूक. हातोडा मारणाऱ्या माणसाची तब्येतच साथ देईना म्हटल्यावर चूल कशी पेटायची? १८०१ मध्ये इंग्लंडात धान्य अतोनात महागलं, तेव्हा मायकेलला अख्ख्या आठवड्यासाठी एक पाव मिळायचा म्हणतात. नऊ वर्षांचं पोर! तो पाव रोज किती खायचा, याचा हिशेब त्यानं कसा केला असेल कोण जाणे.

१८०४ मध्ये, म्हणजे तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मायकेल कामाला लागला. ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबो नावाच्या गृहस्थांचं पुस्तकांचं आणि बुकबाइंडिंगचं दुकान होतं. तिथे त्यानं घरोघरी वर्तमानपत्रं पोचवायची. पोरगा प्रामाणिक आणि चुणचुणीत निघाला. पुढच्याच वर्षी रिबोंनी त्याला बाइंडिंग शिकायला ठेवून घेतलं. त्या काळी काम शिकवण्याबद्दल मालक मुलाच्या घरच्यांकडून पैसे घेत. रिबोंनी एक पैसाही घेतला नाही. वर एक मोठी मोकळीक दिली. शिवायला आलेली पुस्तकं मायकेलनं वाचली, तर ते रागावत नसत.

एका बाईचं पुस्तक

त्या पुस्तकांत एक पुस्तक होतं रसायनशास्त्राचं. लिहिणारी होती जेन मार्सेट. ही एका डॉक्टरची बायको. हंफ्री डेव्ही या नावाजलेल्या शास्त्रज्ञाची भाषणं ती ऐकायला जाई, पण पहिल्यांदा तिला त्यातलं फारसं उमगेना. मग घरी बोलत बोलत तिनं ते समजून घेतलं. आपल्यासारख्या इतर बायकांनाही हे कळावं म्हणून तिनं पुस्तकच लिहिलं. एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या गप्पा, असं त्याचं रूप. मुली शंका विचारतात, बाई प्रयोग करून दाखवतात. बाईमाणसानं विज्ञानावर लिहिणं तेव्हा रीतीला धरून नव्हतं, म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं पुस्तकावर तिचं नावसुद्धा नव्हतं.

बायका-मुलींसाठी लिहिलेलं हे पुस्तक शिवायला आलं एका गरीब पोराच्या हातात, आणि त्याच्या डोक्यात दिवा पेटला! पुढे मोठा शास्त्रज्ञ झाल्यावरही फॅरेडे या बाईंना विसरले नाहीत. आपले छापून आलेले शोधनिबंध ते त्यांना आवर्जून पाठवत.

दुसरं वाचन विश्वकोशातलं. त्यातला विजेवरचा मोठा लेख मायकेलनं असाच बाइंडिंग करता करता वाचला. नुसतं वाचून त्याचं समाधान होईना. भंगाराच्या दुकानातून त्यानं चार पैशांत काचेच्या बरण्या आणल्या. एकीपासून घासून वीज तयार करायचं यंत्र केलं आणि दुसरीची बनवली 'लायडन जार'.

बरणीतली भिशी

ही लायडन जार म्हणजेच आपल्या पंख्यातल्या कंडेन्सरची पणजी. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीतले एक धर्मगुरू क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडन शहरातले प्राध्यापक मुशेनब्रुक या दोघांना ती वेगवेगळी सापडली. करायला अगदी सोपी. काचेच्या बरणीला आतून एक धातूचा पातळ पत्रा लावायचा, बाहेरून दुसरा. दोन पत्र्यांच्या मध्ये काच. आतल्या पत्र्याला विजेच्या यंत्राची तार जोडायची आणि बाहेरचा पत्रा जमिनीला लावायचा. झालं!

आता आत काय होतं ते बघा. विजेचा भार, ज्याला मुलांच्या पुस्तकात 'प्रभार' म्हणतात, तो दोन प्रकारचा असतो, धन आणि ऋण. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. आतल्या पत्र्यावर धन प्रभार जमला की तेवढाच ऋण प्रभार बाहेरच्या पत्र्यावर ओढला जातो. दोघांना भेटायचं असतं, पण मध्ये काच! ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून दोघंही आपापल्या पत्र्यावर खिळून राहतात. यंत्राची तार काढली तरी साठवण तशीच. मग दोन्ही पत्रे तारेनं जोडले, की सगळं एका दमात वाहतं आणि चट्‌दिशी ठिणगी पडते.

आपल्या भिशीसारखंच आहे हे. दर महिन्याला थोडं थोडं जमतं आणि जिची भिशी लागेल तिच्या हातात एकदम मोठी रक्कम पडते. कंडेन्सर वीज तयार करत नाही, भिशी तरी कुठे पैसा तयार करते! फक्त जमवायचं आणि हवं तेव्हा एकदम द्यायचं.

पण प्रभार जमवायला जोर लागतो. गच्च भरलेल्या एसटीत पहिले प्रवासी सहज चढतात, शेवटच्याला मात्र खांद्यानं रेटावं लागतं. पत्र्यावर आधी बसलेला प्रभार नव्या प्रभाराला असाच मागे ढकलतो. म्हणून कंडेन्सर सुरुवातीला भराभर भरतो, नंतर हळूहळू. भरताना लागलेला जोर वाया जात नाही, तोच ऊर्जा म्हणून साठून राहतो. विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज दुप्पट केलं तर प्रभार दुप्पट साठतो, पण ऊर्जा चौपट होते. कारण दुप्पट प्रभार दुप्पट दाबाविरुद्ध रेटावा लागतो.

मोठ्या दारातून आत

१८१० मध्ये मायकेलचे वडील वारले. आईनं घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. त्याच सुमारास शहरात संध्याकाळी विज्ञानाची भाषणं होत. एका भाषणाचा एक शिलिंग. मायकेलकडे कुठला असायला? तो शिलिंग मोठा भाऊ रॉबर्ट द्यायचा. वडिलांसारखाच लोहारकाम करणारा रॉबर्ट!

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं मायकेलला डेव्हींच्या भाषणांची तिकिटं दिली. ज्यांची भाषणं ऐकून जेन मार्सेटनं पुस्तक लिहिलं, तेच हे डेव्ही. रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या त्या चार भाषणांची मायकेलनं तपशीलवार टिपणं काढली, आकृत्या काढल्या, सुरेख बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हींनाच पाठवून नोकरी मागितली. बाइंडिंगची कला अशी कामाला आली! १ मार्च १८१३ रोजी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. इमारतीच्या अगदी वर राहायला दोन खोल्या मिळाल्या.

त्याच वर्षी डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासाला जायची संधी आली. मोठमोठे शास्त्रज्ञ भेटले, पण डेव्हींच्या पत्नीनं त्यांना घरगड्यासारखं राबवलं. ते सगळं गिळून फॅरेडे शिकत राहिले.

१८२१ मध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी लग्न झालं. सारा सोनारकाम करणाऱ्या घरातल्या. दोघांचा ख्रिस्ती पंथ एकच, साधेपणानं राहणारा. नव्या नवरीचा संसार मांडला तो त्याच इन्स्टिट्यूशनच्या वरच्या मजल्यावर, खाली प्रयोगशाळा, वर घर. मूल झालं नाही, पण भाच्या घरात असायच्या. नाताळात मुलांसाठी विज्ञानाची भाषणं करणं हे फॅरेडेंचं आवडीचं काम. १८२७ ते १८६० या काळात त्यांनी तशा एकोणीस मालिका केल्या.

२९ ऑगस्ट १८३१ हा दिवस तर विजेच्या इतिहासात सोन्याचा. लोखंडाच्या एका कड्यावर तारेच्या दोन वेगळ्या गुंडाळ्या गुंडाळून फॅरेडेंनी दाखवलं, की एकीतली वीज सुरू किंवा बंद करताना दुसरीत क्षणभर वीज वाहते. आपल्या कोपऱ्यावरच्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. धरणावर वीज निर्माण करणारं जनित्रही त्याच वर्षीच्या प्रयोगांतून निघालं.

मधल्या जागेत काय आहे?

पण कंडेन्सरची खरी गोष्ट त्यानंतरची आहे. त्या काळच्या बऱ्याच विद्वानांना वाटे, की प्रभार लांबूनच एकमेकांना ओढतात आणि ढकलतात. मधल्या जागेचा त्यात काही वाटा नाही. फॅरेडेंना हे पटेना. पत्रे तर दिसतात, त्यांच्या मधल्या जागेत काय चालतं? काच, लाख, गंधक, हवा या गोष्टी नुसत्या आडव्या उभ्या असतात, की त्याही काही करतात?

जानेवारी १८३६ मध्ये त्यांनी बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि तेवढाच उंच एक पिंजरा उभा केला. लाकडी चौकट, त्यावर तारा आणि धातूचे पातळ पत्रे. बाहेरून त्याला इतकी वीज दिली, की ठिणग्या उडायला लागल्या. आणि स्वतः आत जाऊन बसले! आत विजेचा मागमूससुद्धा नव्हता. प्रभार सगळा बाहेरच्या अंगाला, समोरच्या भिंतींकडे तोंड करून बसलेला. त्यांच्या मनाशी पक्कं झालं, की एकटा प्रभार असा नसतोच. त्याचा जोडीदार समोर कुठेतरी असतोच आणि दोघांचं नातं मधल्या जागेतून जातं.

१८३७ मध्ये त्यांनी अगदी एकसारखी दोन उपकरणं बनवून घेतली. पितळेचा एक पोकळ गोळा, त्याच्या आत दुसरा लहान गोळा, आणि दोघांच्या मध्ये अर्ध्या इंचाहून थोडी जास्त जागा. म्हणजे गोल आकाराची लायडन जारच. दोन्हीत हवा असताना एकाला प्रभार देऊन तो दुसऱ्याला टेकवला, की प्रभाराची निम्मी-निम्मी वाटणी व्हायची. बरोबरच आहे, भांडी एकसारखी. मग एकाच्या मधल्या जागेत त्यांनी लाखेची वाटी बसवली. आता वाटणी समान होईना! लाखेचं भांडं जास्त प्रभार घ्यायला लागलं. गंधक घातल्यावर तर त्याची ताकद हवेच्या दुपटीच्या वर गेली. पितळ तेच, माप तेच. बदललं होतं ते फक्त मधलं भरण.

लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची लाख बरं का! पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी. त्या काळी ती भारतातूनच विलायतेला जायची.

असे प्रयोग हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञानंही आधीच्या शतकात केले होते. पण त्याच्या वह्या बंदच राहिल्या आणि १८७९ मध्ये छापल्या गेल्या. जगाला ही गोष्ट कळली ती फॅरेडेंमुळेच.

याचं कारणही त्यांनी सांगितलं. मधल्या पदार्थातून वीज वाहत नाही, पण त्याचे बारीक कण गप्प बसत नाहीत. सभेत कोणी दारातून आलं की माणसं जागची न उठता माना वळवतात ना, तसे हे कण जागच्या जागी कलतात. प्रत्येकाचं एक टोक धन होतं, एक ऋण. हा ताण एका कणाकडून शेजारच्या कणाकडे पोचतो. त्यामुळे पत्र्यावरच्या प्रभाराचा रेटा थोडा कमी होतो आणि आणखी प्रभाराला जागा मिळते. फॅरेडेंचं गणित कच्चं होतं, समीकरणं त्यांना येत नसत. पण हे सगळं त्यांना डोळ्यांपुढे दिसायचं. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण शास्त्रज्ञानं त्याला गणितात बसवलं, तेव्हा कळलं की कंडेन्सरची ऊर्जा खरोखर त्या मधल्या जागेतच साठलेली मानता येते.

अळूवडी आणि जातं

आजचा कंडेन्सर याच शहाणपणावर उभा आहे. साठवण वाढवायची तर तीन गोष्टी करायच्या. पत्रे मोठे घ्यायचे, एकमेकांच्या अगदी जवळ आणायचे आणि मध्ये चांगला पदार्थ घालायचा. पंख्याच्या डबीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर धातूचा मुलामा असतो. मोठ्या पट्ट्या एवढ्याशा डबीत मावणार कशा? आपण अळूवडी करतो तशा! पान, पीठ, पान, पीठ आणि घट्ट गुंडाळी.

आणि पंख्याला तो लागतो कशाला? पंख्याच्या मोटरीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळतात, तेव्हा एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू होते, म्हणून जातं फिरतं. दोघींनी एकाच क्षणी ओढलं तर जातं अडून बसेल. कंडेन्सर एका गुंडाळीतल्या विजेची वेळ थोडी पुढे सरकवतो, म्हणून आळीपाळीनं ओढ लागते. तो थकला, की पंखा मंदावतो.

फोटोच्या फ्लॅशमध्ये तो काही सेकंद वीज जमवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत देऊन टाकतो. बंद पडू लागलेल्या हृदयाला दवाखान्यात झटका देतात, त्या यंत्रातही कंडेन्सरच असतो. तिथे ही साठवण जीव वाचवते.

जीव घेऊही शकते, हेही लक्षात ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हन, जुना टीव्ही, पाण्याच्या मोटरीची पेटी, यांचा प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये प्रभार शिल्लक असू शकतो. आपण म्हणतो, वीज बंद केलीय, आता काय होतंय! पण भिशी तर जमलेलीच आहे ना आत. म्हणून ही झाकणं घरच्या घरी उघडू नका, मुलांना तर मुळीच उघडू देऊ नका.

साधं घर, साधा दगड

इतक्या कामानं फॅरेडेंचं शरीर थकलं. १८३९-४० च्या सुमारास चक्कर, डोकेदुखी, विसराळूपणा यांनी त्यांना घेरलं. सारानं त्यांना प्रयोगशाळेपासून दूर नेलं. १८४१ मध्ये दोघं काही महिने स्वित्झर्लंडच्या डोंगरात राहिली. ते पुन्हा उभे राहिले आणि अनेक वर्षं काम करत राहिले. स्मरणशक्ती मात्र पुढे कायम दगा देत राहिली आणि सारा कायम सोबत राहिली.

सरदारकीसारखा 'सर' हा किताब त्यांनी घेतला नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियानं हॅम्प्टन कोर्टला राहायला घर दिलं, तेवढं घेतलं. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या अभ्यासिकेत खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा प्राण गेला. हायगेटच्या दफनभूमीत अगदी साध्या दगडाखाली ते विसावले आहेत.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विजेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 'फॅरड' हे माप मान्य केलं. माप इतकं मोठं आहे, की आपली अख्खी पृथ्वी एक धातूचा गोळा मानली, तरी तिची साठवण फॅरडच्या हजाराव्या भागाएवढीसुद्धा भरत नाही. म्हणून पंख्यावर मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग लिहावा लागतो.

मला या माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांनी मोल ओळखलं ते मधल्या, कुणाच्या हिशेबात नसलेल्या जागेचं. आणि त्यांना घडवलं तेही कुणाच्या हिशेबात नसलेल्या माणसांनी. भाडेकरू सांभाळणारी आई, शिलिंग देणारा भाऊ, वाचू देणारा मालक, नावाशिवाय पुस्तक लिहिणारी बाई, आजारपणात सावरणारी बायको. यांच्यापैकी कुणाचंही नाव मापावर नाही. पण साठवण यांच्यामुळेच झाली.

आपल्या घरात एखादी मुलगी विजेचा पाठ वाचत बसलेली असते. हे मुलींचं काम नाही, असं तिला कुणी म्हणत असेल तर तेवढं म्हणू देऊ नका. तिच्याजवळ बसा, ती काय वाचते ते तिलाच समजावून सांगायला लावा. जेन मार्सेटनं तरी दुसरं काय केलं होतं?